चौपट नव्हे, चारपेडी

नागपुरात मत्स्यविज्ञान शिकवणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. कार्प कुळातल्या माशांच्या गुणसूत्रांवर ती मराठीत टिपणं काढते आहे. 'टेट्राप्लॉइड'साठी, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे चार संच असलेल्या जिवासाठी, पुस्तकात 'चतुर्गुणित' असतं, पण तो शब्द मुलांच्या जिभेवर बसेना. तिने फळ्यावर 'चौपट' लिहिलं तर वर्ग हसला. इथे सगळ्यांच्या कानावर हिंदी असते, त्यामुळे चौपट म्हणजे वाटोळं. मग लिहावं काय?

सांगतो. पण आधी एक गोष्ट निस्तरू द्या, कारण गेली कित्येक वर्षं ती ऐकून माझं डोकं उठलं आहे. 'गुणसूत्र म्हणजे गुणांचं सूत्र, म्हणजे फॉर्म्युला.' हे भर व्याख्यानात सांगतात! त्यातूनच पुढचा गैरसमज निघतो, की सूत्रं जितकी जास्त तितका प्राणी प्रगत. माणसाची गुणसूत्रं 46. रोहू, कतला, मृगळ यांची 50. भोईपुऱ्याच्या बाजारात रोहूशेजारीच विकायला ठेवलेल्या सायप्रिनसची, म्हणजे कॉमन कार्पची, 100. आकड्याचा आणि प्रगतीचा काहीएक संबंध नाही. इथलं सूत्र बीजगणितातलं नव्हे, मंगळसूत्रातलं आहे. सूत्र म्हणजे सूत, धागा.

आणि गुण? गुण म्हणजेही धागाच. शब्द घडवणाऱ्याच्या मनात आनुवंशिक गुणच असणार, ते मला मान्य आहे. पण शब्दाच्या पोटात त्याहून जुनं काही आहे. अमरकोशात धनुष्याच्या दोरीच्या नावांत 'गुण' येतो, दोरखंडाच्या नावांतही येतो. दोरीचा एक पेड तो गुण. दोन पेड एकत्र वळले की द्विगुण, तीन वळले की त्रिगुण. मोजण्याचा 'गुणाकार' या दोर वळण्यातून आला. द्विगुणचं प्राकृतात झिजून मराठीत झालं 'दुणा'. शाळेत 'बे दुणे चार' घोकणारं प्रत्येक पोर नकळत दोरच वळत असतं. आनंद 'दुणावतो' तेव्हाही दुसरा पेड घातला जातो. 'दुप्पट'मधला पट तर सरळ कापडाचा, दुपट्ट्यातला. म्हणजे मराठी माणूस वाढ मोजतो ती एकतर वळून, नाहीतर घडी घालून.

माझे आजोबा पाचपावलीत मागावर बसत. तुटलेला ताणा जोडताना दोन टोकं थुंकीने ओली करून अंगठ्याखाली एकच पीळ देत, आणि गाठ न मारता धागा एक होई. पेशीविभाजनाला 1882 साली वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने 'मायटोसिस' म्हटलं, ते ग्रीक 'मिटोस'वरून. मिटोस म्हणजे ताण्याचा धागा. सूक्ष्मदर्शकात त्या जर्मन माणसाला सूतच दिसलं होतं.

म्हणून गुणसूत्राला 'रंगसूत्र' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. गुजरातीत तोच शब्द चालतो, आपल्याकडेही काही परिभाषाकार तोच शुद्ध म्हणून पुढे करतात. त्यांचा आधार काय, तर 1888 साली वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने 'क्रोमोसोम' म्हटलं, म्हणजे रंग धरणारी वस्तू. अहो, तो रंग काचपट्टीवर माणसाने ओतलेला! मी मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत रोहूची पट्टी पाहिली आहे. गिम्सा रंगाने जांभळे झालेले बारीक तुकडे, शिंप्याच्या टेबलाखाली पडलेल्या दोऱ्याच्या टोकांसारखे, आणि ती पेन्सिलीने एकेक खोडत मोजत होती, पन्नासपर्यंत. जिवंत पेशीत त्यांना रंग नसतो. ग्रीक शब्दाची नक्कल म्हणजे परिभाषा नव्हे.

आता सायप्रिनस. त्याची 100 गुणसूत्रं म्हणजे रोहूसारख्या 50 गुणसूत्रांची नुसती नक्कल नाही. साधारण एक कोटी वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही थोडं आधी, दोन वेगळ्या पूर्वज जातींचा संकर झाला आणि दोघांचेही पूर्ण संच एकाच माशात राहिले. प्रत्येकी दोन संचांचे, म्हणजे दोन पेडांचे, दोन दोर एकमेकांत वळले. 'चौपट' म्हटलं की एकाच वस्तूच्या चार घड्या डोळ्यांपुढे येतात, आणि हसू बाजूला ठेवलं तरी तो शब्द इथे नेमका म्हणूनच चुकतो. माझा शब्द 'चारपेडी'. वेणी तीन पेडांची असते हे मुलींना सांगावं लागत नाही.

पेड म्हटलं की पुढचंही उलगडतं. एक पेड विरला तरी दोर तुटत नाही. बाजारात कधी अंगावर मोजकेच मोठाले खवले असलेला कार्प दिसतो, तो मिरर कार्प. खवल्यांच्या वाढीत लागणाऱ्या एका जनुकाच्या, एफजीएफआर-1च्या, सायप्रिनसकडे दोन प्रती आहेत. मिरर कार्पमध्ये त्यांतली एक बिघडलेली असते. खवले गळाले, मासा मात्र जगला, कारण दुसरी प्रत गर्भाची कामं सांभाळते. आपल्या नद्यांतला खडस, म्हणजे महसीर, याचीही 100 आहेत. आणि जिबेल कार्प नावाच्या त्यांच्या भाऊबंदाची दीडशेच्या वर, त्यातल्या माद्या दुसऱ्या जातीच्या नराचं शुक्र फक्त अंडं जागं करायला वापरतात, त्याचा वारसा घेत नाहीत. त्यांच्यासाठी 'सहापेडी' म्हणता येईल, पण त्या वळणाला वेगळं टिपण लागेल.

हां, प्रश्न. परीक्षेत 'चतुर्गुणित' लिहा, तो मानक आहे. वर्गात 'चारपेडी' बोला. 'जीनोम डुप्लिकेशन'ला 'द्विगुणीकरण' करत बसू नका, 'संच दुणावला' म्हणा. आणि 'गुणित'मधला णि ऱ्हस्व आहे, मैत्रिणीने पाठवलेल्या फळ्याच्या फोटोत तो दीर्घ पडला आहे.