त्वचा उजळवणाऱ्या क्रीममधील घटक सुरक्षित असतात का?

सगळ्या घटकांना एकाच मापाने मोजता येत नाही. नायसिनामाइड (साधारणतः 2 ते 5 टक्के), क जीवनसत्त्व आणि अ‍ॅझेलिक आम्ल बहुतेकांच्या त्वचेला सोसतात. सुरुवातीला थोडी चुणचुण होऊ शकते, इतकेच. खरी चिंता हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र असलेल्या ट्यूबची आहे. वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरील काळपट डागांवर, त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण ठरावीक आठवड्यांपुरते देतात. मात्र तेच गोरेपणाचे क्रीम समजून महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते आणि लावणे थांबवताच चेहऱ्याची आग होऊ लागल्याने माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. गर्भवतींनी तर ते टाळावेच.

त्याहून घातक म्हणजे पारा. मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) तो अडवत असल्याने परिणाम झटपट दिसतो, परंतु त्वचेतून शरीरात शिरून तो मूत्रपिंडांना इजा करतो. म्हणूनच घटकांची यादी किंवा उत्पादकाचा पत्ता नसलेली, आठवड्याभरात गोरे करण्याचे आश्वासन देणारी डबी (हे आश्वासनच मुळात खटकणारे आहे) कितीही स्वस्त असली तरी विकत घेऊ नये.