बंब, अग्निशमन, अग्निशामक

प्रश्न असा आला आहे: आमच्या नगरपरिषदेच्या केंद्रावर 'अग्नीशमन केंद्र' असा फलक आहे, लाल गाडीवर 'अग्निशामक दल' लिहिलंय आणि गाव तिला नुसतं 'बंब' म्हणतं. यातलं शुद्ध कोणतं, आणि 'बंब' हा गावठी शब्द समजायचा का?

फलकावरचा दीर्घ 'नी' तेवढा चुकला आहे. सुटा लिहिताना मराठीत 'अग्नी', पण समासात तो आधी आला की मुळातला ऱ्हस्व परत येतो: अग्निकुंड, अग्निहोत्र, तसंच अग्निशमन.

'शमन' म्हणजे शांत करण्याची क्रिया, 'शामक' म्हणजे शांत करणारा. दल स्वतः आग विझवतं, म्हणून 'अग्निशामक दल' बरोबर. आग विझवण्यासाठीचं दल असा विग्रह केला तर 'अग्निशमन दल'ही बरोबर. केंद्राची इमारत मात्र काही विझवत नाही, तिथे 'अग्निशमन'च शोभतं. पाणिनीच्या नियमाने खरं तर 'शमक' व्हायला हवं, पण वेदनाशामक, पित्तशामक हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की आता 'अग्निशमक' लिहिण्याचा हट्ट धरू नये.

आता बंब. हा शब्द गावठी अजिबात नाही. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप, आणि आग विझवणारा तो 'बोंबेइरो'. तिथूनच आपला बंब आला. गुजरातीत तो 'बंबो' झाला. आगीच्या गाडीला तिकडे 'लायबंबो' म्हणतात, त्यातला 'लाय' म्हणजे आग. हिंदीतही 'बंबा' आहे. न्हाणीघरातला तांब्याचा बंब, मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी असलेला, हाही याच शब्दाचा धनी. एकाच शब्दाने पाणी तापवणारं भांडंही ओळखावं आणि आग विझवणारी गाडीही, हे मला फार आवडतं.

आणि गाडीपुरतं बोलायचं तर बंब हा शब्द नेमका आहे. त्या गाडीचा जीव पंपातच असतो. तो बहुधा गाडीच्याच इंजिनावर चालतो आणि टाकीतलं पाणी दाबाने होजमध्ये, म्हणजे लांब लवचीक नळीत, ढकलतो, म्हणून धार वरच्या मजल्यापर्यंत पोचते. साधा पाण्याचा टँकर कितीही मोठा असला तरी हे काम करत नाही. तो बंबाला पाणी पुरवतो. लहान गावात बंब एखादाच असतो आणि बाकी टँकर मागवावे लागतात, तेव्हा 'पाच बंबांनी आग विझवली' असं छापण्याआधी वार्ताहरांनी जरूर विचारावं की त्यातले बंब किती आणि टँकर किती. 'अग्निशमन वाहन' या शब्दात हा भेद पार बुजून जातो. त्यात बचावाची गाडीही बसते, शिडीची गाडीही बसते.

जाता जाता आणखी एक शब्द. पुण्याच्या दलात जवानांच्या वरचं एक पद 'तांडेल' आहे. हा मूळचा जहाजावरचा शब्द, खलाशांचा म्होरक्या; किनाऱ्यावर ते आडनावही आहे. भाषांतराच्या नादात तो पुसला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा रंगाऱ्याला सांगा: इमारतीवर 'अग्निशमन केंद्र', ऱ्हस्व 'नि' घालून. गाडीवरचं 'अग्निशामक दल' आहे तसं राहू द्या, कारण ते गाडीच्या मालकाचं नाव आहे. आणि केंद्रातल्या नोंदवहीत, बातमीत, फोनवर मदत मागताना खुशाल 'बंब' म्हणा. 101 ला फोन लावणाऱ्या घाबरलेल्या माणसाच्या तोंडून 'बंब पाठवा' एवढंच निघतं, आणि पलीकडच्याला ते लगेच समजतं.