चाक काढायच्या आधी ब्रेक उघडा

चाक ब्रेक पॅडमध्ये अडकतंय म्हणून टायरची हवा सोडू नका. पंक्चर नसेल तर उगाच पुन्हा पंप मारत बसाल. ब्रेक उघडायची सोय सायकलवरच असते.

तुमच्या हायब्रिड सायकलला व्ही-ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंना उभे हात असलेले ब्रेक) असतील तर एका हाताने दोन्ही पॅड रिमवर दाबून धरा, म्हणजे केबल ढिली पडेल. मग वरची धातूची वाकडी नळी मागे ओढून खाचेतून बाहेर काढा. जोर लावावा लागला तर पॅड पुरेसे दाबले गेलेले नाहीत, एवढंच. पक्कड आणायला धावू नका! तरीही जमत नसेल तर ब्रेक लिव्हरजवळची केबल ताणायची चकती पूर्ण आत फिरवा.

रोड बाईकच्या कॅलिपर (चिमट्यासारख्या) ब्रेकला बहुधा बाजूला छोटा खटका असतो, तो वर फिरवला की झालं. कॅम्पाग्नोलो कंपनीच्या ब्रेकची ही सोय मात्र ब्रेक लिव्हरमध्येच असते.

मागच्या चाकासाठी चेन आधी सर्वात लहान चक्रीवर आणा.

चाक परत बसवताना सायकल जमिनीवर उभी ठेवा, म्हणजे एक्सल (चाकाचा आस) खाचेत नीट टेकतो. मग क्विक रिलीज (चाक आवळायची दांडी) घट्ट करा आणि लगेच नळी जागेवर अडकवा किंवा खटका खाली करा. हे हमखास विसरतं, आणि ते उतारावर कळतं. म्हणून सायकलवर बसण्याआधी दोन्ही ब्रेक लिव्हर दाबून बघाच. पॅड घासत असेल तर ब्रेकचे स्क्रू पिळण्याआधी चाक तिरकं बसलंय का ते तपासा. बहुतेक वेळा तेच निघतं.