प्रेमकथा लिहिणारी ब्रिटिश कादंबरीकार बार्बरा कार्टलंड, तिचा स्वतःचाच पहिला संसार मोडला होता. मग तिचा प्रेमावर खरंच विश्वास होता, की सगळा धंदा?

धंदा होताच. दुपारी जेवून सोफ्यावर आडवं व्हायचं, पायांवर पांघरूण, गरम पाण्याची पिशवी, जवळ कुत्रा, मागे टिपून घेणारी सेक्रेटरी. चहाच्या वेळेपर्यंत सहा-सात हजार शब्द, म्हणजे अख्खं प्रकरण सांगून मोकळी. 1976 या एका वर्षात तिच्या 23 कादंबऱ्या झाल्या.

पण घटस्फोट झाला म्हणून विश्वास खोटा, हे मला साफ नामंजूर आहे. क्रम बघा ना. सुरुवातीच्या, 1920च्या दशकातल्या तिच्या कादंबऱ्या त्या काळाच्या मानाने चावट होत्या. 1927 मध्ये लग्न, 1933 मध्ये घटस्फोट, तोही एकमेकांवर बाहेरख्यालीपणाचे आरोप होऊन. 1936 मध्ये तिने पहिल्या नवऱ्याच्याच चुलतभावाशी, ह्यू मॅककॉर्कोडेलशी लग्न केलं. कौमार्य जपणारी नायिका आणि शेवटी लग्न, हा तिचा साचा पक्का झाला तो या सगळ्यानंतर. संसार मोडलेला बघूनच तिने तो साचा बांधला.

आणि पुस्तकाबाहेरचं बघायचं तर महायुद्धातलं बघा. ब्रिटनमध्ये जून 1941 पासून कपड्यांवर रेशन. वर्षाला माणशी 66 कुपनं, लोकरी ड्रेसला त्यातली 11 जायची. सैन्यातल्या मुलींना गणवेश मिळतो म्हणून कुपनांची आणखी चणचण, त्यामुळे खाकीतच बोहल्यावर चढायची पाळी. बेडफर्डशरमध्ये सैनिकांच्या कल्याणाचं काम करणाऱ्या कार्टलंडला हे सहन होईना. वापरलेले पांढरे वेडिंग गाऊन विकत घेऊन ते एकीनंतर दुसऱ्या नवरीला वापरायला देण्याची सोय तिने युद्धखात्यामार्फत लावून घेतली. त्यातून तिला एक पौंडाचाही नफा नव्हता. लग्नाच्या दिवशी मुलीने पांढऱ्या झग्यात उभं राहावं, हे तिला मनापासून वाटत होतं, एवढंच.

तिचं सगळंच पटतं असं नाही. बाईने कोरी राहायचं आणि पुरुषाने अनुभवी असायचं, हा दुजाभाव तिच्या कथांत शेवटपर्यंत आहे आणि तो चूकच आहे.

ह्यू 1963 मध्ये गेला. ती 2000 पर्यंत जगली, पण पुन्हा लग्न केलं नाही. सातशेच्या वर कादंबऱ्यांपैकी बहुतेक तिने या 37 वर्षांतच सांगितल्या.