तू विचारलंस का?

बाय, तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. एरिक फ्रॉमचं 'द आर्ट ऑफ लव्हिंग' वाचून झालं, सिमोन द बोव्हारचं बायकांच्या जगण्यावरचं 'द सेकंड सेक्स' अर्धं झालं, आता तो मुलगा नकोसा वाटतो, आईकडे बघवत नाही, आणि मावशी, प्रेम म्हणजे नुसता सापळाच असेल तर? वाच वाच म्हणून तुझ्या मागे मीच लागले होते, म्हणून एवढं लांब लिहितेय.

आधी सांग, त्याला विचारलंस का? तो म्हणाला "लग्नानंतर रत्नागिरीतच राहू" आणि तू मला त्यावर पानभर लिहून पाठवलंस. पण त्याला नाही विचारलंस की रत्नागिरीच का, आणि तुला पुण्याला जायचंय हे त्याला माहिती तरी आहे का. फ्रॉमने 1956 च्या पुस्तकात प्रेमात चार गोष्टी धरल्यात, काळजी, जबाबदारी, आदर आणि समोरच्याला जाणणं. चौथी तू गाळलीस. न विचारता कसं गं जाणणार?

मी एकवीसची होते. मे महिना, आई मागच्या अंगणात आमसुलं करत होती. रातांबे फोडायचे, सालं उन्हात घालायची, मग मीठ घातलेल्या रसात बुडवायची, परत ऊन, परत रस, अशी चार-पाच पुटं बसली की कुठे ती काळी पडतात. तिची बोटं नखांपर्यंत लाल झालेली. मी पायरीवर, मांडीवर बोव्हारचं इंग्रजी पुस्तक, आणि तिला म्हटलं, तू आयुष्यात एक तरी निर्णय स्वतः घेतलास का? प्रश्नाच्या सुरात मी निकालच सांगून टाकला. ती म्हणाली, "ऊन जाईल गो, ती सालं उलट." आमसुलांचे पैसे ती बाबांच्या हातात देत नसे एवढं मला दिसत होतं. ते कशासाठी साठवायची, हा हक्क तिनं कसा मिळवला, किती भांडून, मी कधी विचारलंच नाही. आता ती नव्वदीला टेकलीय. मी रोज विचारते, आणि ती मला तिची धाकटी बहीण समजून रातांबे आले का म्हणते.

म्हणून माझा हा हट्ट आहे. विचार करणं आणि विचारणं आपल्याकडे एकाच शब्दातून येतं आणि तू नुसतं पहिलंच करत बसलीयस. सॉक्रेटिसने एक ओळ लिहिली नाही, अथेन्सच्या बाजारात माणसं गाठून विचारत फिरला. ताराबाई शिंदे वाच. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारलं म्हणून फाशी सुनावली, लोक सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर घसरले, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईने 1882 साली पुस्तकच छापलं आणि पुरुषांना तोंडावर विचारलं. कुठलंही पान उघड, प्रश्नावर प्रश्न. आणि बोव्हारचा दुसरा भाग तू अजून उघडलाच नाहीस, तो बायकांच्या डायऱ्या आणि पत्रांनी भरलाय, त्या बायका काय म्हणतात ते तिने आधी ऐकून घेतलंय.

वाचन सोड असं मी मेले तरी म्हणणार नाही. सव्वीसाव्या वर्षी मी ठरलेलं लग्न मोडलं, तो म्हणाला होता वाचन काय, लग्नानंतर आपोआप सुटेल. पुस्तकांनी बिघडली असं अजून बोलतात लोक. बोलू देत. त्याला मी दोनदा विचारलं होतं, समोर बसून, दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, मग मोडलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तूही मोड हवं तर, पण विचारून मोड.

आणि आईचं काय लिहितेस, तिला स्वतःचं मतच नाही म्हणे! पहाटे मिरकरवाड्याला लिलावात पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून बोली लावते ती बाई. कुठली मासळी, किती भावापर्यंत जायचं, कधी मागे फिरायचं, हे कोण ठरवतं? विचारलंस कधी? रविवारी तिच्याबरोबर जा. मोबाईल घरी ठेव, येताना एक पाटी तू उचल आणि वाटेत विचार. काय म्हणाली ते मला कळव, रात्री दीडला पण चालेल.

तुझी मावशी