कॉमिक्स निवडताना लेखकाचं नाव बघावं की चित्रकाराचं?

तुमचा प्रश्न असा: कॉमिक्स आणि जुन्या सायन्स फिक्शन मालिका नव्यानंच हाती घेतल्या आहेत, जो तो 'अमक्या लेखकाचं सगळं वाच' म्हणतो, चित्रकाराचं नाव कुणी काढत नाही, तर निवडताना कुणाचं नाव बघायचं? आणि जाता जाता, 'बॅबिलॉन ५' या अवकाशतळावरच्या टीव्ही मालिकेचा पहिला सीझन गाळला तर चालेल का?

चित्रकाराचं बघा. मालिकेचं शेवटी सांगतो, कारण पहिल्या प्रश्नानं माझी जुनी खपली काढली आहे.

मी चित्रं काढतो. पोट त्यावर चालत नाही, पण शाईचे डाग बरीच वर्षं बोटांवर आहेत. कॉलेजात असताना मी आणि माझ्या एका मित्रानं मिळून बारा पानांची गोष्ट केली होती. गोष्ट त्याची, चित्रं माझी. परग्रहावरचं जहाज एका वस्तीवर उतरतं, एवढाच मामला. त्याच्या संहितेत सहाव्या पानासाठी एवढंच होतं: 'जहाज उतरतं. लोक घाबरून पळतात.' खाली चार फुगे, त्यांत 'पळा, पळा', 'बाप रे, हे काय आहे' वगैरे.

'लोक घाबरून पळतात' लिहायला दहा सेकंद पुरतात. काढायला बसून बघा. पंधरा माणसं, तीस पाय, प्रत्येकाचा आ वासलेला. दोनदा काढलं, दोन्ही वेळा पान धावण्याच्या शर्यतीचं वाटलं. तिसऱ्या रात्री मी सगळी माणसं खोडून टाकली आणि पानभर एकच चौकट ठेवली. रिकामं अंगण, कपडे वाळत घालायची दोरी, दोरीवर एकाच चिमट्यावर लोंबकळणारी ओली चादर, दुसरा चिमटा खाली मातीत. आणि चादरीच्या खालच्या टोकाकडून वर चढत निघालेली एक गोलसर सावली. जहाज काढलंच नाही. त्या सावलीच्या रेघा बारीक निबनं एकेक करून मारल्या आहेत, ब्रशनं फासलेली नाही. पहाटेचे चार वाजले होते.

गोष्ट एका छोट्या संग्रहात छापून आली. अनुक्रमणिकेत मित्राचं नाव. माझं नाव अगदी शेवटच्या पानावर, 'सजावट' या शब्दापुढे. सजावट! जसं काही मी समासात वेलबुट्टी काढली होती. पुढे कुणीतरी त्या संग्रहाचं परीक्षण लिहिलं आणि त्यात नेमकी आमच्या गोष्टीची तारीफ होती. लेखकानं भीती दाखवायला एकही माणूस वापरलेला नाही, एका चिमट्यावरची चादर पुरते, या लेखकाकडे लक्ष ठेवायला हवं, अशा अर्थाचं. मित्रानं ते मला फोनवर वाचून दाखवलं, तेही खुशीत. मी म्हटलं, 'अरे, चादर तुझ्या संहितेत होती का?' तो म्हणाला, 'नव्हती. पण जहाज माझं होतं ना? जहाज आलं नसतं तर चादर कशाला लोंबकळली असती?'

या वाक्यावर आमचं आजतागायत भांडण चालू आहे. मैत्रीही चालू आहे, पण भांडण जास्त नियमित.

त्याचा मुद्दा काही नवा नाही. साठच्या दशकात मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचं दुकान याच मुद्द्यावर चालायचं. तिथला लेखक-संपादक स्टॅन ली कथानक थोडक्यात सांगायचा, कधी कागदावर, कधी नुसतं तोंडी. मग चित्रकार वीसेक पानं उभी करायचा. कुठला प्रसंग किती चौकटींत, कोण कुठं उभा, कुणाला कधी मार बसतो, सगळं त्यानंच ठरवायचं. पानं परत आली की ली फुगे भरायचा. लेखक म्हणून नाव लीचं, लेखनाचा मोबदलाही लीचा. 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या १९६६ मधल्या ४८व्या अंकासाठी ठरलं होतं की ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीकडे येतो. चित्रकार जॅक कर्बीची पानं आली तर त्यात फळीवर उभा राहून आकाशातून घसरत येणारा चंदेरी माणूस! लीनं विचारलं, हा कोण? कर्बीचं म्हणणं, एवढ्या मोठ्या धेंडाच्या पुढं वर्दी द्यायला कुणीतरी हवंच. सिल्व्हर सर्फर जन्मला तो असा, आणि ही हकीकत खुद्द लीच सांगायचा. स्पायडर-मॅनचा चित्रकार स्टीव्ह डिटको, त्यानं तर त्याच्या कथानकाचं श्रेय १९६५ मध्ये छापील स्वरूपात घेऊनच दाखवलं. तोवर त्याचं आणि लीचं बोलणंही बंद झालेलं होतं. १९६६ मध्ये ३८वा अंक हातावेगळा करून डिटको निघून गेला. ज्या दिवशी मी हे वाचलं त्या दिवशी मित्राचे दोन फोन घेतले नाहीत.

हे ऐकवलं की तो म्हणतो, मार्व्हलचं सोड, ती घाईची गिरणी होती, ब्रिटिश बघ. बघू या ब्रिटिश. '२००० एडी' हे साप्ताहिक १९७७ साली निघालं, त्यातला जज ड्रेड, म्हणजे भविष्यातला पोलीस आणि न्यायाधीश एकत्र, लेखक जॉन वॅग्नरचा म्हणून सगळ्यांना पाठ असतो. पण ते हेल्मेट, खांद्यावरचा गरुड, साखळ्या हा सगळा अवतार चित्रकार कार्लोस एझ्केराचा. एझ्केरानं मागे जे शहर काढून दिलं ते इतकं पुढच्या जमान्यातलं दिसत होतं, की संपादक पॅट मिल्सनं गोष्टच आणखी पुढच्या काळात ढकलली. म्हणजे चित्रकारानं इमारती काढल्या आणि त्यापायी लेखकाचं शतक बदललं! शिवाय पहिली ड्रेड-कथा छापून आली ती भलत्याच तरुण चित्रकाराची, माइक मॅकमॅहनची. एझ्केरा तडकून निघून गेला, मग काही वर्षांनी परतला. त्या काळात ब्रिटिश कॉमिक्समध्ये कुणाचंच नाव छापायची रीत नव्हती. '२००० एडी'नं गोष्टीत श्रेयाची छोटी पाटी लावायला सुरुवात केली, तीही कला विभागात बसणाऱ्या केव्हिन ओनीलच्या खटपटीनं. चित्रकारानं, हे अधोरेखित करतो.

मग मित्राचा हुकमाचा एक्का येतो: ब्रिटिश लेखक ॲलन मूर. त्याच्या 'वॉचमेन' या कॉमिकच्या पहिल्या अंकाची संहिता १०१ टंकलिखित पानांची होती, चौकटीचौकटींत खच्चून भरलेली. चित्रकार डेव्ह गिबन्स पानांवर आधी आकडे टाकायचा, कारण गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता आला नसता, आणि मार्कर घेऊन फुग्यांतला मजकूर वेगळा रंगवून काढायचा. मित्र म्हणतो, एवढं सगळं लिहिलेलं असताना चित्रकाराला काय उरलं? हमाली! मी म्हणतो, त्या कॉमिकची आठवण म्हणून तुझ्या डोळ्यांपुढे काय येतं? तो पिवळा हसरा बिल्ला आणि त्यावरचा रक्ताचा ओघळ ना? बिल्ला गिबन्सचा. त्यातल्या 'कॉमेडियन' नावाच्या पात्राचा पोशाख फार काळाकुट्ट होतोय म्हणून त्यानं तो लावला. १०१ पानांच्या लेखकानं पुढं त्यावरच गोष्ट सुरू केली आणि त्यावरच संपवली. (नऊ चौकटींचं ते करकरीत जाळंही गिबन्सनं सुचवलेलं. पण एवढं बोलेपर्यंत मित्र सहसा विषय बदलतो.)

टीव्हीत हाच अन्याय दुप्पट होतो, कारण तिथं चित्रकार पगारी असतो. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या सायन्स फिक्शन मालिकेतले खलनायक डालेक घ्या. डिसेंबर १९६३ मध्ये ते पहिल्यांदा पडद्यावर आले. लेखक टेरी नेशनच्या संहितेत त्यांचं वर्णन होतं: बिनपायांचं, गोल बुडावर सरकणारं यंत्र, डोळ्याच्या जागी भिंग. त्यावरून डिझायनर रेमंड कुसिकनं जे बनवलं ते आज मालिका न पाहिलेल्यालाही ओळखू येतं, अंगावरच्या त्या अर्ध्या चेंडूंच्या ओळींसकट. डालेकच्या खेळण्यांचा सुकाळ झाला तेव्हा नेशनला वाटा मिळत राहिला आणि आयुष्याचं सोनं झालं. कुसिक बीबीसीच्या नोकरीत, त्याला खुशीखातर एकदा किरकोळ रक्कम दिली गेली, संपलं. डालेकबद्दल कुणी 'टेरी नेशनची निर्मिती' म्हटलं की मला माझ्या मित्राचा फोनवरचा आवाज ऐकू येतो.

'बॅबिलॉन ५' मात्र मित्राचंच मैदान आहे, कबूल. जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीनं पाच सीझनची गोष्ट आधी आखली आणि ११० भागांपैकी ९२ स्वतः लिहिले. तिसरा आणि चौथा सीझन अख्खा त्याच्या एकट्याच्या हातचा. प्रत्येक पात्रासाठी एक चोरदरवाजा ठेवलेला, कुणी नट सोडून गेला तर गोष्ट अडू नये म्हणून. तो चाहत्यांशी इंटरनेटवर रोज गप्पा मारायचा आणि वर बजावायचा की मला गोष्टींच्या कल्पना पाठवू नका. एकानं नेमकी तशीच एक कल्पना लिहून टाकली, आणि स्वतःच्या डोक्यात असलेला 'पासिंग थ्रू गेथसेमनी' हा भाग त्याला थांबवून ठेवावा लागला. त्या चाहत्यानं हक्क सांगणार नाही असं रीतसर लिहून दिल्यावरच तो भाग पुढं सरकला. मित्र म्हणतो, बघ, कल्पनेला किती किंमत असते. मी म्हणतो, ती किंमत वकिलांच्या भीतीची. त्या भागात लक्षात राहतो तो नट ब्रॅड डूरिफचा चेहरा, आणि तो कुणी लिहिलेला नाही.

असो. तुमच्या कामाचं काही तरी सांगायला हवं. कॉमिक हातात आलं की मधलं एखादं पान उघडा आणि फुगे बोटांनी झाका. कोण कुणावर चिडलंय आणि पुढं काय होणार याचा अंदाज आला तर घ्या. नाही आला तर लेखक कितीही गाजलेला असो, बाराव्या पानावर तुम्ही झोपणार. आवडत्या चित्रकाराच्या मागं मागं गेलात की चांगले लेखक आपोआप भेटतात, उलट्या दिशेनं तसं होईलच असं नाही. सुरुवातीला 'सागा' घ्या, २०१२ पासून चाललंय. लेखक ब्रायन के. व्हॉन, जो टीव्हीवर 'लॉस्ट'च्या लेखकांतही होता. पण बघायचं ते फियोना स्टेपल्सचं काम. गोष्ट सांगणाऱ्या मुलीचं निवेदनही तिनं स्वतःच्या अक्षरात चित्रांवर लिहिलंय, त्यामुळे लेखक कुठं संपतो आणि चित्रकार कुठं सुरू होते ते सांगता येत नाही. मित्राला मी हे कॉमिक भेट दिलं होतं. त्यानं 'काय लिहिलंय!' एवढाच निरोप पाठवला. मुद्दाम.

आता थोडं माझ्याविरुद्ध. मी चित्रकार आहे, तेव्हा वरचं सगळं चिमूटभर मीठ काढून वाचा. कर्बी १९७०मध्ये मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसीत गेल्यावर स्वतःच लिहायला लागला, तेव्हा कल्पनांचा पूर आला, पण पात्रं जाहीर सभेत बोलल्यासारखी बोलायची. लीच्या फुग्यांत जी खट्याळ बडबड होती ती तिथं नाही, आणि ती मला आठवत राहते. शाई चढवणारा, रंगवणारा, अक्षरं काढणारा यांची नावं मीही या उत्तरात गाळलीच आहेत, म्हणजे 'सजावट' म्हणणाऱ्यांत आणि माझ्यात फार अंतर नाही.

आणि ते सहावं पान. मी पहाटे शाई वाळवून सकाळी मित्राकडे नेलं, तेव्हा त्यात चार फुग्यांच्या रिकाम्या जागा पेन्सिलनं आखलेल्या होत्या. संहितेत होते म्हणून ठेवले होते, वर आकाशात. त्यानं पान हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, मग खोडरबर मागितलं आणि चारही फुगे पुसून टाकले. 'इथं कोणी बोलायला नको,' म्हणाला. परीक्षण लिहिणाऱ्याला जी शांतता आवडली ती त्याची होती. हे मी त्याच्यासमोर कबूल केलेलं नाही, आणि तो इथं येत नाही म्हणून लिहितोय.

'बॅबिलॉन ५'चा पहिला सीझन गाळू नका. सुरुवातीचे सात-आठ भाग रडतखडत जातात, संगणकावर काढलेली जहाजं आज खेळण्यासारखी दिसतात, सगळं खरं. पण त्यातल्या 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड' या भागात जे अर्धवट सोडलंय त्याचा हिशेब तिसऱ्या सीझनमध्ये चुकता होतो. फारच कंटाळा आला तर तो भाग, 'साइन्स अँड पोर्टेंट्स' आणि सीझनचा शेवटचा भाग एवढे तरी बघाच.