पायथॉनमध्ये जेनेरिक टाइप आहेत, मग पीएचपीत अजून का नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे की पायथॉनमध्ये ‘फक्त इंटची (पूर्णांकांची) लिस्ट’ असा जेनेरिक टाइप, म्हणजे आत कोणत्या प्रकारच्या गोष्टी असतील हेही सांगणारा टाइप, लिहिता येतो, तर पीएचपीत तसा प्रस्ताव मांडायला अडचण काय? मी बरीच वर्षं पीएचपीत काम करतोय आणि जेनेरिक्स भाषेतच यावेत असं मला मनापासून वाटतं. पण अडचण खरी आहे, आणि ती सिंटॅक्सची नाही. टोकदार कंसात टाइप लिहायचा प्रस्ताव बेन शोल्झेन आणि रास्मस शुल्ट्झ यांनी 2016 मध्येच मांडला होता. घोडं अडतं ते रनटाइमपाशी, म्हणजे प्रोग्राम चालत असताना टाइप तपासण्यापाशी.

पायथॉनने हे ओझं घेतलंच नाही. 2015 मध्ये 3.5 सोबत टाइप हिंट्स (कोडमध्ये टाइप लिहायची सोय) आल्या तेव्हाच ठरलं होतं की प्रोग्राम चालवणारा इंटरप्रिटर त्या तपासणार नाही, ते काम कोड न चालवताच तपासणाऱ्या मायपायसारख्या टूलचं. इंटच्या लिस्टमध्ये स्ट्रिंग घाला, प्रोग्राम मुकाट चालतो.

पीएचपीची सवय नेमकी उलटी. पॅरामीटरला इंट लिहून ‘अबक’ पाठवलं की तिथल्या तिथे टाइप एरर येतो, आणि त्यावर आम्ही सगळे विसंबून असतो. आता ‘इंटचा अ‍ॅरे’ हा टाइप आणा. लाख नगांचा अ‍ॅरे फंक्शनला दिला तर दर कॉलला लाख नग तपासायचे? त्याऐवजी अ‍ॅरेसोबतच टाइपची नोंद ठेवली, तर नग टाकताना दरवेळी पडताळणी आली. शिवाय कोणी नुसतं [1, 2, 3] लिहिलं तर नोंद इंटची करायची, की ‘इंट किंवा फ्लोट (दशांश संख्या)’ची? हे इंजिनने ओळखावं म्हणावं, तर पीएचपी एकेक फाइल सुटी कंपाइल करते. दुसऱ्या फाइलमधले क्लास ऑटोलोड होईपर्यंत, म्हणजे गरज पडल्यावर आपोआप लोड होईपर्यंत, तिला माहीतच नसतात.

त्यात आणखी एक पेच. कुत्र्यांचं कलेक्शन ‘प्राण्यांचं कलेक्शन’ म्हणून पुढे दिलं, तर समोरचा त्यात मांजर टाकू शकतो. म्हणजे ज्यात भर घालता येते तिथे टाइप तंतोतंत जुळायलाच हवा.

प्रस्ताव मांडायचाच असेल तर अ‍ॅरेला हात लावू नका. ‘ऑर्डर-रिपॉझिटरी हा क्लास रिपॉझिटरी इंटरफेस ऑर्डर या टाइपसाठी राबवतो’ एवढंच लिहिता येऊ द्या (रिपॉझिटरी म्हणजे साठवलेले ऑब्जेक्ट आणून देणारा क्लास). तिथे टाइप क्लास जोडतानाच ठरतो, रनटाइमला वेगळी नोंद लागत नाही आणि पीएचपीचा तपासणीचा शब्दही पाळला जातो. पीएचपीच्या विकासाला पैसा पुरवणाऱ्या पीएचपी फाउंडेशनच्या लोकांनीही याच वाटेचा विचार मांडला आहे. माझं मत तरी तिकडेच झुकतं.

तोवर डॉकब्लॉकमधला (क्लास किंवा फंक्शनच्या वर लिहायच्या कॉमेंटमधला) टेम्प्लेट टॅग वापरा. कोड न चालवता तपासणाऱ्या पीएचपीस्टॅन या टूलला डिसेंबर 2019 च्या 0.12 आवृत्तीपासून तो समजतो, साम या तशाच टूललाही समजतो. आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये रिपॉझिटरी क्लासना तो लावला, त्याच दिवशी दोन ठिकाणी भलत्याच क्लासचा ऑब्जेक्ट परत येतोय हे दिसलं. सुरुवात रिपॉझिटरी आणि कलेक्शनपासून करा, चुका तिथेच जास्त सापडतात.